एकाच पायाची सूज आणि डी-डायमरचा आकडा

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज हमखास पडतो. "बाबांचा डी-डायमर ६४० आलाय, वय ७०. लॅबने लाल अक्षरांत दाखवलंय. ग्रुपवर कुणी डॉक्टर आहे का?" अर्ध्या तासात खाली सल्ल्यांची रांग लागते. कुणी लसूण खायला सांगतं, कुणी कोविडच्या लशीवर घसरतं, कुणी थेट 'अ‍ॅडमिट करा' म्हणून मोकळं होतं. बाबांना मुळात होतंय काय, शरीरात कुठे रक्ताची गुठळी आहे का याचा अंदाज घ्यायची ही रक्ततपासणी केलीच कशाला, हे मात्र कोणी विचारत नाही.

दुसरीकडे ज्याच्या पायाच्या शिरेत खरंच गुठळी झालेली असते, त्याची पोटरी आठवडाभर निर्गुडीच्या तेलाने रगडली जात असते. 'शीर आखडली असेल', 'लचकला असेल पाय'. म्हणजे ज्याला काही नाही तो धास्तावलेला आणि ज्याला आहे तो निर्धास्त. दोन्हीकडे गफलत एकच: पायातल्या आणि फुप्फुसातल्या गुठळीचं निदान एखाद्या आकड्यावरून होत नाही. आधी संशय किती घ्यायचा ते ठरतं, मग त्या संशयाला साजेशी तपासणी होते. हा क्रम उलटा केला की रिपोर्ट हातात असूनही काही कळत नाही.

कुठली गुठळी म्हणायची ही?

रक्त गोठणं ही एरवी सोयीची गोष्ट. विळीवर बोट कापलं तर काही मिनिटांत रक्त थांबतं, ते त्यामुळेच. घोटाळा होतो तो जखम नसताना, वाहत्या शिरेच्या आतच रक्त गोठलं तर.

शाळेत शिकलेल्या रोहिणी आणि नीला आठवा. रोहिणी हृदयाकडून रक्त नेतात, नीला ते परत आणतात. हार्ट अटॅकमध्ये, बहुतेक पक्षाघातांमध्ये अडते ती रोहिणी. आपला विषय आहे तो नीलांचा, त्यातही पायाच्या स्नायूंच्या आत खोलवर गेलेल्या नीलांचा. तिथे गुठळी झाली की डॉक्टर तिला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, थोडक्यात डीव्हीटी म्हणतात. त्वचेखाली निळ्या-जांभळ्या फुगलेल्या शिरा दिसतात त्या वेगळ्या. व्हेरिकोज व्हेन्स वरवरच्या असतात, आणि खोल शिरेतली गुठळी बाहेरून दिसत नाही.

पायातलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतली शीर दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं आणि शिरेतल्या झडपा ते खाली घसरू देत नाहीत. प्लास्टरमुळे, ऑपरेशननंतरच्या झोपून राहण्याने किंवा लांबच्या प्रवासाने ही हालचाल बंद पडली, की रक्त रेंगाळतं. त्यात शिरेच्या आतल्या अस्तराला इजा झाली किंवा रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढला, तर गुठळीला जागा मिळते. ही तीन कारणं आजही जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने शिकवतात. फुप्फुसात सापडणारी गुठळी तिथे तयार झालेली नसते, दूरच्या शिरेतून वाहत आलेली असते, हे त्यांनी १९व्या शतकात दाखवलं. त्यांचा जन्मदिवस १३ ऑक्टोबर, आणि त्याच तारखेला २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन पाळतात.

वाटही साधी आहे. पोटरीतून गुडघ्यामागे, तिथून मांडीत, जांघेतून पोटातल्या मोठ्या नीलेत, मग हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात. वाटेत शिरा रुंदच होत जातात, त्यामुळे सुटलेला तुकडा कुठे अडत नाही. फुप्फुसात वाहिन्यांना फाटे फुटून त्या निमुळत्या होतात, तिथे तो जाऊन बसतो. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात, पुढे पीई म्हणू. डीव्हीटी आणि पीई हे दोन आजार नाहीत, एकाच आजाराची दोन ठिकाणं आहेत.

शिवणकामाचा टेप काढा

डीव्हीटीची सूज बहुतेक वेळा एकाच पायाला येते. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर डॉक्टरांचं लक्ष आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि रक्तदाबाच्या गोळ्यांकडे जातं. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, हे ती गोळी घेणाऱ्या पुष्कळांना कोणी सांगितलेलंच नसतं.

एका पोटरीला सूज, दाबलं की दुखणं, स्पर्शाला गरम लागणं, कातडी लालसर किंवा ताणलेली दिसणं, उभं राहिलं की जडपणा वाढणं. यातलं सगळंच एकदम असेल असं नाही. नुसत्या डोळ्यांनी फसायला होतं, म्हणून मोजावं. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या खाली १० सेंटिमीटरवर पेनाने खूण करा आणि तिथे दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला, तर ती डॉक्टरांच्या हिशेबात धरली जाणारी खूण आहे. मोजमाप घरचं असलं तरी तारीख घालून लिहून न्या. 'थोडी सूज आहे' यापेक्षा 'काल ३४ होतं, आज ३७ आहे' हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला फार उपयोगी पडतं.

पूर्वी पाऊल वरच्या दिशेने वाकवून पोटरी दुखते का ते बघत. ही परीक्षा भरवशाची नाही हे केव्हाच कळलंय. दुखलं म्हणून गुठळी आहे असं नाही, दुखलं नाही म्हणून नाही असंही नाही. तरी ती करून 'काही नाही' म्हणणारे अजून भेटतात.

असंच दिसणारे दुसरेही आजार आहेत. त्वचेखालचा जंतुसंसर्ग, पोटरीचा फाटलेला स्नायू, गुडघ्यामागची फुटलेली पाण्याची गाठ. म्हणूनच घरच्या घरी शिक्का मारायचा नाही. आणि संशय असेल तोवर तेल, मालिश, रोलर, फिजिओथेरपीचं मशीन, सगळं बंद.

छातीत गेली तर कळतं कसं?

अचानक धाप लागणं. श्वास आत घेताना बरगडीपाशी सुरी खुपसल्यासारखी कळ. छातीत धडधड, खोकल्यातून रक्ताचा अंश, उभ्या-उभ्या घेरी. गुठळी मोठी असेल तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस निळसर-पांढरा पडतो.

पंचाईत अशी की यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशावर तरी ढकलता येतं. धाप लागली तर वजन वाढलंय, कळ आली तर गॅस, धडधड झाली तर टेन्शन. त्यात पायाला काहीच झालेलं नाही असे पीईचे पुष्कळ रुग्ण असतात.

'ईसीजी नॉर्मल आला' म्हणून घरी परतणारे तर खूपच. ईसीजीतून हार्ट अटॅकचा अंदाज येतो. पीईत तो बिनबोभाट नॉर्मल असू शकतो, किंवा नुसते ठोके वाढलेले दिसतात. छातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ असतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं म्हणूनही पीई बाद होत नाही. या तपासण्या करायच्या, कारण त्यातून न्यूमोनिया, हार्ट अटॅक, फुप्फुसाबाहेर साठलेली हवा वगैरे दुसरी कारणं हाती लागतात.

एक पाय सुजलेला आणि वर दम लागतोय, असं एकत्र आलं तर ओपीडीची अपॉइंटमेंट घेत बसू नये. संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर स्वतः गाडी हाकत तर मुळीच निघू नये. १०८ ला फोन करावा आणि ही दोन्ही लक्षणं एकाच वाक्यात सांगावीत.

डॉक्टर इतके प्रश्न का विचारतात?

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची कॅज्युअल्टी असो किंवा वाशीतलं एखादं खासगी हॉस्पिटल, प्रश्न साधारण तेच येतील. गेल्या तीन महिन्यांत ऑपरेशन झालं का? तीन दिवस अंथरुणाला खिळून होतात का? प्लास्टर आहे? कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे? आधी कधी गुठळी झाली होती? हा वेळकाढूपणा नव्हे, निदानाला इथूनच सुरुवात झालेली असते.

कॅनडातले डॉक्टर फिलिप वेल्स यांनी १९९०च्या दशकात या प्रश्नांना गुण लावून दिले. पायाच्या तक्त्यात जवळपास प्रत्येक 'हो'ला एक गुण. पोटरीच्या घेरात ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक, एक. खोल शिरेच्या मार्गावर दाबलं की दुखतं, एक. सबंध पाय सुजलाय, एक. आणि दुसरंच कारण तितकंच संभवनीय वाटत असेल, तर दोन गुण वजा. या वजाबाकीतच डॉक्टरचा अनुभव कामी येतो.

समजा, खड्ड्यात बाइक घसरून एकाच्या घोट्याला प्लास्टर बसलं. तीन आठवड्यांनी ते काढलं तर पोटरी ४ सेंटिमीटरने जाड आणि दाबल्यावर दुखरी. अलीकडे प्लास्टर, घेर आणि दुखरेपणा मिळून तीन गुण. दोन किंवा अधिक म्हणजे 'गुठळी असण्याची शक्यता बरीच', थेट डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. याच्या बाबतीत डी-डायमरसाठी थांबण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, क्रिकेट खेळताना पोटरीत कट्‌ असा आवाज येऊन दुखायला लागलेला तरुण, सूज नाममात्र. दुखरेपणाचा एक गुण, स्नायू फाटल्याची शक्यता मोठी म्हणून दोन वजा. इथे डी-डायमर कामाचा.

छातीसाठी असाच वेगळा तक्ता आहे. त्यात नाडी १०० च्या वर असणं, खोकल्यातून रक्त, चार आठवड्यांतलं ऑपरेशन, पायात गुठळीच्या खुणा यांना गुण असतात.

आपल्याकडचे काही खास प्रसंग

परदेशी माहितीपत्रकांत 'लांबचा विमानप्रवास' ठळक छापलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार चार तासांपेक्षा जास्त प्रवासाने गुठळीची शक्यता साधारण दुपटीने वाढते. पण मुळातली शक्यताच छोटी: अशा विमानप्रवासानंतर सुमारे ६,००० जणांमागे एक. शिवाय हे विमानापुरतं नाही, बस-कार-रेल्वे सगळ्यांना लागू आहे. गणपतीला खोपटहून सुटून सावंतवाडीला पोचणाऱ्या बसमधला माणूस कित्येक तास गुडघे दुमडून बसलेला असतो. धडधाकट माणसाने त्याची चिंता करू नये, वाटेत गाडी थांबली की उतरून पाय मोकळे करावेत. पण महिन्यापूर्वी गुडघा बदललेल्या आजींना त्याच सीटवर बसवायचं तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मला प्रवासापेक्षा दोन गोष्टींची काळजी जास्त वाटते. पहिली बाळंतीण. गरोदरपणात रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतोच, पण धोका सर्वांत जास्त असतो तो प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत, म्हणजे जवळपास आपल्या सव्वा महिन्यात. नेमक्या त्याच काळात तिला खाटेवरून उतरू देत नाहीत, पायांना दणकून मालिश करतात, आणि पाय सुजला तर 'बाळंतपणात सूज असतेच' म्हणतात. दोन्ही पायांना थोडी सूज असते, खरं आहे. पण एकच पाय, त्यातून डावा, मांडीपर्यंत सुजला असेल तर तिला त्याच दिवशी दाखवावं. डाव्या पायाची नीला पोटात उजव्या पायाच्या रोहिणीखालून जाते आणि दाबली जाते, म्हणून गरोदरपणात डाव्या पायाची गुठळी जास्त आढळते.

दुसरी गोष्ट पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरी बसायच्या आधी, लग्नाच्या मुहूर्ताआधी कितीतरी घरांत त्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. नॉरएथिस्टेरॉन हे त्यातलं नेहमीचं औषध. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, अशा डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन जातीच्या संप्रेरकात बदलतो, जे गर्भनिरोधक गोळ्यांतही असतं आणि गुठळीचा धोका वाढवतं. बहुतेक बायकांना काही होत नाही. मात्र जिला आधी गुठळी झाली आहे, जिच्या रक्ताच्या नात्यात झाली आहे, जिचं वजन खूप आहे किंवा जिचं नुकतंच ऑपरेशन झालंय, तिने ती डॉक्टरला न विचारता घेऊ नये. आणि कॅज्युअल्टीत 'काही औषधं चालू आहेत का' या प्रश्नाला घरातले सगळे 'नाही' म्हणतात तेव्हा ही गोळी कुणाच्या लक्षातच नसते. मुलीला किंवा सुनेला बाजूला घेऊन तिलाच विचारावं लागतं.

डी-डायमर वाढलाय, म्हणजे गुठळी आहेच ना?

नाही. गुठळी झाली की शरीर ती लगेच फोडायलाही लागतं. त्या तोडफोडीतून रक्तात उतरणारा एक तुकडा म्हणजे डी-डायमर. सोसायटीच्या गेटबाहेर राडारोड्याच्या गोण्या नसतील, तर आत कुठे भिंत पाडण्याचं काम चालू नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. गोण्या दिसल्या तर मात्र कुठल्या विंगमध्ये, कुठल्या फ्लॅटमध्ये, भिंत पाडली की नुसत्या बाथरूमच्या फरशा उखडल्या, काही सांगता येत नाही. डी-डायमर असाच 'नाही' म्हणायला चांगला आणि 'हो' म्हणायला कुचकामी आहे. आणि ती 'नाही'सुद्धा मुळात संशय कमी असेल तरच मानायची.

तो वाढवणारी कारणं ढीगभर: डेंग्यू, न्यूमोनिया, कोविड, कॅन्सर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, मार, गरोदरपण. नुसत्या वयानेही तो वाढतो. नेहमीची मर्यादा ५०० धरतात, पण पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारी मर्यादा वापरायची पद्धत आता रुळली आहे. सत्तरीच्या माणसाला ती ७००. म्हणजे त्या मेसेजमधले बाबा, त्यांना संशय घ्यावा असं दुसरं काही नसेल तर, ६४० ला नॉर्मलच आहेत.

एककांचा गोंधळ वेगळाच. काही लॅब 'एफईयू' या मापात आकडा देतात, काही 'डीडीयू'मध्ये. पहिला दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट येतो. ५०० ची मर्यादा आणि वयाचा गुणाकार एफईयूसाठी आहे. शिवाय कुणी नॅनोग्रॅममध्ये छापतं, कुणी मायक्रोग्रॅममध्ये, तेव्हा ५०० चे ०.५ होतात. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून 'वाढला' किंवा 'उतरला' म्हणण्याआधी एकक बघा.

पॅकेजमध्ये स्वस्तात मिळते, करून ठेवली तर बिघडलं काय?

बिघडतं. काही त्रास नसताना केलेली तपासणी वाढलेली आली की मागे डॉप्लर येतो, मग सीटी, त्यासाठी शिरेतून द्यायचं रंगद्रव्य म्हणजे कॉन्ट्रास्ट, रेडिएशन, खर्च, आणि दोन रात्रींची झोप. हाती बहुतेक वेळा काहीच लागत नाही. फुल बॉडी चेकअपमध्ये डी-डायमर घालणाऱ्यांचा उद्देश काय असेल तो असो, त्यात रुग्णाचं हित मला तरी दिसत नाही.

डॉप्लरमध्ये नेमकं काय बघतात?

रुग्णाला उताणं झोपवून गुडघा थोडा बाहेरच्या बाजूला वळवतात. जांघेत गार जेली लावून प्रोब टेकवतात. पडद्यावर शेजारी-शेजारी दोन काळे गोल दिसतात, एक रोहिणीचा, दुसरा नीलेचा. रेडिऑलॉजिस्ट प्रोब हलकेच खाली दाबतो. रोहिणीचा गोल उडत राहतो. नीलेचा चपटा होत होत पूर्ण मिटतो, प्रोब उचलला की पुन्हा उघडतो. निरोगी शीर अशीच मिटते. आत गुठळी असेल तर कितीही दाबा, गोल मिटत नाही. तपासणीचा गाभा एवढाच. पडद्यावरचे लाल-निळे रंग मदतीला असतात. थोडं खाली सरकून पुन्हा दाब, असं मांडीतून गुडघ्यामागे आणि पोटरीपर्यंत जातात. ना सुई, ना रेडिएशन.

रिपोर्ट वाचताना एक सापळा आहे. 'सुपरफिशियल फेमोरल व्हेन' असं लिहिलेलं दिसलं, तर 'वरवरची आहे, चालेल' असं समजू नका. ती मांडीतली खोल शीर आहे. या नावाने डॉक्टरही फसलेले असल्यामुळे आता नुसतं 'फेमोरल व्हेन' लिहायचा आग्रह असतो.

डॉप्लर स्वच्छ आला तरी 'आठवड्याने पुन्हा या' का म्हणतात? पोटरीतल्या बारीक शिरा नीट दिसतीलच असं नाही. तिथली छोटी गुठळी काही जणांत वर सरकते, आणि ती बहुधा पहिल्या आठवड्यातच. संशय टिकून असेल तर दुसरी खेप टाळू नका, सेंटरची कमाई म्हणून ती सांगितलेली नसते.

एचआरसीटी तर क्लिअर होता!

कोविडमुळे घरोघरी माहीत झालेला एचआरसीटी फुप्फुसाचं मांस दाखवतो. त्यात रंगद्रव्य देत नाहीत, त्यामुळे रक्तवाहिनीतली गुठळी त्यावर सहसा ओळखू येत नाही. पीईसाठी लागतो तो सीटी पल्मनरी अँजिओग्राम. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट सोडतात, अंगातून गरम लहर जाते, आणि ते फुप्फुसाच्या वाहिन्यांत पोचतं त्या क्षणी फोटो काढतात. वाहिनी पांढरी भरते, गुठळी असेल तिथे काळी पोकळी दिसते. आधी मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी विचारतात.

मूत्रपिंड कमजोर असेल तर व्हीक्यू स्कॅनचा, म्हणजे फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतंय ते दाखवणाऱ्या तपासणीचा पर्याय आहे, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. गरोदर बाईच्या पायाला सूज असेल तर आधी पायाचा डॉप्लर करतात. तिथेच गुठळी सापडली तर उपचार तोच असल्याने अनेकदा सीटी टाळता येतो. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला सीटीपर्यंत नेणंही धोक्याचं असतं, तेव्हा खाटेशीच इकोकार्डिओग्राफी करून हृदयाची उजवी बाजू ताणली गेली आहे का ते बघतात.

रिपोर्ट यायच्या आधीच इंजेक्शन का दिलं?

संशय दाट आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर हेपारिन जातीच्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा पहिला डोस तपासणीआधीच देतात. ही घाई नाही, तशीच पद्धत आहे. या औषधांनी असलेली गुठळी विरघळत नाही. ती वाढायची थांबते आणि शरीराला ती फोडायला सवड मिळते. खरोखर गुठळी फोडणारी औषधं वेगळी. त्यांत रक्तस्रावाचा धोका मोठा, म्हणून ती मुख्यतः रक्तदाब कोसळवणाऱ्या पीईसाठी राखून ठेवतात. बाकीच्यांना पुढे रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या, साधारण किमान तीन महिने.

"मी रोज अ‍ॅस्पिरिन घेतो, मला कशी होईल?" होऊ शकते. अ‍ॅस्पिरिनचं मुख्य काम रोहिण्यांतल्या गुठळीसाठी. सापडलेल्या डीव्हीटीवर तेवढ्याने भागत नाही.

गुठळी सापडल्या-सापडल्या हजारो रुपयांचं 'थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल', म्हणजे रक्ताचा गोठण्याकडे जास्त कल आहे का ते बघणाऱ्या चाचण्या, लिहून दिलं, तर आत्ताच का, हे जरूर विचारा. ताज्या गुठळीत आणि औषधं चालू असताना त्यातल्या प्रोटीन सी, प्रोटीन एस यांसारख्या चाचण्यांचे आकडे फसवे येतात. ज्यांना त्या खरंच हव्यात त्यांच्यासाठीही त्या सहसा नंतर, औषधांचा हिशेब बघून करतात.

तीन महिन्यांनी उपचार संपताना पुष्कळांच्या शिरेत जुन्या गुठळीचा चिवट अंश उरलेलाच असतो. म्हणजे औषध वाया गेलं असं नाही. पण दोन वर्षांनी तोच पाय पुन्हा सुजला आणि डॉप्लरमध्ये शीर मिटली नाही, तर ही गुठळी जुनी की नवी, हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर उपचार संपतानाच्या डॉप्लरशी ताडून मिळतं. तो रिपोर्ट, कुठल्या शिरेत किती जाडीचा अंश उरला होता त्या मापांसकट, फायलीत ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून घरच्या एकाला पाठवून ठेवा.